वॉरगेमिंग मिनिएचर्सचा संग्रह ऑनलाइन लिलावात विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा स्वतःचा वॉरगेमिंग मिनिएचर्सचा, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांसाठीच्या छोट्या सैनिकांचा, संग्रह मी विकला, नंतर दोन मित्रांचे विकायला मदत केली. तेव्हापासून हे प्रश्न सतत येत राहिले आहेत, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. लिलावाच्या नियमांची उदाहरणं ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाची आहेत, कारण माझा अनुभव तिथलाच. असे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा लिस्टिंग (विक्रीची नोंद) टाकण्याआधी त्या दिवशीचा नियम वाचून घ्या.

१. सगळा संग्रह एकगठ्ठा काढू, की एकेक सैनिक सुटा विकू?

दोन्ही टोकं टाळा. एकगठ्ठा घेणारा बहुतेकदा पुढे विकणारा असतो. निवडायची आणि ओळखायची मेहनत त्याला करावी लागणार असते, आणि तिचे पैसे तो तुमच्या किमतीतून वजा करतो. एकेक सैनिक सुटा विकलात तर सगळी कमाई टपालात आणि पॅकिंगमध्ये जाते.

खेळणाऱ्याला घरी नेऊन थेट टेबलावर मांडता येईल, तेवढा एक लॉट, म्हणजे एकत्र विकायचा गठ्ठा, करा. नेपोलियनच्या काळातली पायदळाची अख्खी बटालियन एकत्र. तोफ आणि तिचे गोलंदाज एकत्र. डीबीए (प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचा खेळ) नियमांची फौज १२ बेसची, म्हणजे सैनिक चिकटवलेल्या १२ तळपट्ट्यांची, असते. ती पूर्ण असेल तर अजिबात फोडू नका, तिचं मोल त्या पूर्णपणातच आहे. सेनापती, नाव असलेली पात्रं, मोठे राक्षस, रणगाडे आणि न उघडलेली खोकी मात्र वेगळी काढा. पन्नास साध्या शिपायांच्या लॉटमध्ये एखादं दुर्मीळ पात्र घातलं, तर त्याचे पैसे कोणी देत नाही.

२. नवरा गेला. कपाटभर सैनिक मागे आहेत आणि मला यातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

सुरुवात काहीही न करण्यापासून करा. या काळात कोणीतरी हमखास येतं आणि म्हणतं, ‘जुनं शिसंच आहे, मी घेऊन जातो, तुमचा त्रास वाचेल.’ त्या माणसाच्या मनात वाईट नसेलही, पण लगेच हो म्हणू नका. दोन महिने थांबल्याने या वस्तूंची किंमत पडत नाही.

काही धुऊ नका, पुसू नका, फेकू नका. रिकामी खोकी, सुट्या हातापायांचे डबे, न रंगवलेले धातूचे तुकडे, त्यांनी लिहिलेल्या वह्या, सगळं आहे तिथेच राहू द्या (पांढरी भुकटी दिसली तर मात्र आधी प्रश्न ७ पाहा). मग प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा. त्यांच्याबरोबर खेळणारी दोन माणसं असतील, तर दोघांना वेगवेगळं विचारा. या छंदातली माणसं अशा वेळी मनापासून मदत करतात. एकाच्या मदतीने ओळखायचं काम करा, पण तोच खरेदीदार नसेल एवढं बघा.

आणि वर्णनात एक ओळ जरूर लिहा: ही फौज कोणी रंगवली, किती वर्षं खेळली. नाव द्यायची गरज नाही. घेणाऱ्यांना त्याची किंमत असते, आणि ती ओळ तुमच्याही समाधानाची आहे.

३. एखादा सैनिक कोणी बनवला आणि कधीचा आहे, हे कसं ओळखायचं?

आधी उलटा करून पाहा. बऱ्याच धातूच्या मिनिएचर्सना पायाखाली एक पट्टी असते, ती प्लास्टिकच्या बेसच्या खाचेत बसते. त्या पट्टीवर कंपनीचं नाव, कधी पात्राचं नाव आणि वर्ष असतं. सिटाडेल या मिनिएचर्सच्या ब्रिटिश कंपनीने या खाचेच्या बेसची पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यात आणली. सैनिक आणि पायाखालचा धातूचा ठोकळा एकसंध ओतलेला असेल, तर तो त्याआधीचा असू शकतो. ‘असू शकतो’ एवढंच, कारण इतर अनेक कंपन्या आजही तसेच ओततात.

इथे एक चूक फार जण करतात. पट्टीवरचं वर्ष हे त्या डिझाइनच्या हक्काचं वर्ष असतं. तोच साचा पुढे कितीतरी वर्षं वापरला गेलेला असतो. म्हणून ‘१९८७ साली बनवलेला’ असं न लिहिता ‘पट्टीवर १९८७’ असं लिहा.

नाव सापडत नसेल तर ‘लॉस्ट मिनीज विकी’ या संकेतस्थळावर जुन्या कंपन्यांची छायाचित्रं कंपनीनुसार लावलेली आहेत. मिनिफिग्स, हिंचलिफ, राल पार्था, ग्रेनेडिअर असल्या जुन्या नावांसाठी तिथे एक अख्खी संध्याकाळ द्या. खरा पैसा याच संध्याकाळीत आहे. ‘जुने धातूचे सैनिक, २० नग’ आणि त्याच वीस जणांची नावानिशी यादी, यांच्या बोलींमध्ये जो फरक पडतो तो मी प्रत्येक वेळी पाहिला आहे.

४. १५ मिलिमीटर, २८ मिलिमीटर, १/७२ ही काय भानगड आहे?

मिलिमीटरचा आकडा म्हणजे ढोबळमानाने सैनिकाची उंची. ती तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजायची की डोक्यापर्यंत, यावर कंपन्यांचं एकमत नाही, आणि जुने २५ मिलिमीटरवाले आजच्या २८ मिलिमीटरवाल्यांशेजारी किरकोळ दिसतात. १/७२ हे प्लास्टिक किटचं प्रमाण, एअरफिक्सच्या मऊ प्लास्टिकच्या सैनिकांमुळे अनेकांना माहीत असलेलं. वादात न शिरता शेजारी पट्टी उभी धरून फोटो काढा.

ऐतिहासिक फौजांमध्ये बेसचं मापही लिहा. प्राचीन आणि मध्ययुगीन फौजांसाठी १५ मिलिमीटरला ४० मिलिमीटर रुंदीचा आणि २५-२८ मिलिमीटरला ६० मिलिमीटर रुंदीचा बेस फार रूढ आहे. घेणाऱ्याच्या घरी त्याच मापाची फौज असेल तर तो दोन पैसे जास्त देतो, कारण सगळं उखडून पुन्हा चिकटवण्यातून तो सुटतो.

५. रंगवलेल्यांना जास्त पैसे मिळतात ना?

चांगले रंगवलेले असतील तर. साधारण क्रम असा दिसतो: उत्तम रंगवलेले आणि बंद खोक्यातले वर, न रंगवलेले सुटे त्याखाली, आणि जाड रंगाचे थर बसलेले सगळ्यात खाली. स्वतःच्या कामाबद्दल ‘प्रोफेशनल दर्जाचं’ असं लिहू नका. चेहऱ्याचा जवळून काढलेला एक फोटो त्याहून जास्त सांगतो. विकण्यासाठी म्हणून आता रंगवायलाही बसू नका, तेवढ्या तासांचे पैसे परत येत नाहीत.

ऐतिहासिक फौजा याला मोठा अपवाद आहेत. दोनशे सैनिकांची, एकाच हाताने एकसारखी रंगवलेली फौज साध्या कामाची असली तरी लोकांना हवी असते. दोनशे जण रंगवायला किती रात्री लागतात, हे तिथल्या प्रत्येक खरेदीदाराला ठाऊक असतं.

६. मग खराब रंग काढून टाकून विकू का?

धातूचा, जुना आणि मागणी असलेला सैनिक असेल तरच विचार करा. धातूवर अ‍ॅसिटोन चालतं. प्लास्टिकला अ‍ॅसिटोन लागलं की सैनिक वितळून लगदा होतो. कडक प्लास्टिकवर बरेच जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, तरी आधी एका फुटक्या सैनिकावर करून बघा. रेझिनचा (साच्यात ओतलेल्या राळेसारख्या पदार्थाचा) भरवसा नाही, ते तसंच विका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि सैनिक नक्की कशाचा आहे याची शंका असेल, तर हात लावू नका. रंग काढायचं काम घेणारा आनंदाने करतो, मोडलेला तपशील मात्र कोणालाच परत आणता येत नाही.

७. जुन्या सैनिकांवर पांढरी-करडी भुकटी आली आहे. धुऊन टाकू?

धुऊ नका, आणि फुंकर तर मुळीच मारू नका. हा शिशाचा क्षय आहे. लाकडी कपाटं, विशेषतः ओकची, काही प्रकारचे पुठ्ठे आणि गोंद यांतून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ निघते. बंद जागेत ती साठली की शिसं हळूहळू कार्बोनेट होऊन भुकटीत बदलतं. ही भुकटी विषारी आहे. मास्क आणि हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा, ते सैनिक झाकणाच्या डब्यात वेगळे काढा. उरलेले त्या कपाटातून आजच बाहेर काढा, कारण वाफ त्यांनाही सोडत नाही.

हे प्रामुख्याने जुन्या ओतकामात दिसतं. १९९०च्या दशकात कंपन्या शिसेविरहित मिश्रधातूंकडे वळल्या. राल पार्थाने १९९३ मध्ये ‘रॅलिडियम’ आणलं ते त्यातूनच. क्षय लागलेला सैनिक विकायचाच असेल, तर शीर्षकात तसं लिहा आणि जवळून फोटो द्या. लपवून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात विष पाठवणं आहे.

८. किंमत किती येईल याचा अंदाज कसा घ्यायचा?

लोक काय मागताहेत ते पाहू नका, काय विकलं गेलं ते पाहा. ईबेवर शोधाच्या गाळणीत ‘विकलेल्या वस्तू’ हा पर्याय असतो आणि तो साधारण मागच्या ९० दिवसांचे सौदे दाखवतो. तुमच्यासारख्याच स्थितीतले पाच-सात सौदे काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा, उरलेल्यांच्या मधला आकडा धरा. सगळ्यात वरचा आकडा डोक्यात बसला की माणूस पुढचे सहा महिने दुःखी राहतो.

जिथे कमिशन लागतं तिथे ते मिळणाऱ्या रकमेतून जातं, आणि ईबेवर ते टपालखर्च धरून एकूण रकमेवर लागतं. २८ मिलिमीटरचा धातूचा पायदळ सैनिक साधारण १५ ते २५ ग्रॅमचा असतो, म्हणजे शंभरांची फौज सहज दोन किलो, आणि टपालखर्चही तसाच मोठा. धातूच्या मोठ्या लॉटमध्ये ही वजावट चांगलीच जाणवते.

९. बोली अगदी कमीपासून सुरू केली की लोक तुटून पडतात, हे खरं का?

कधी खरं, कधी महागात पडणारं. कारण समजून घ्या. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम आत नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढंच वाढवत जाते. एकाची तयारी १०० ची आणि दुसऱ्याची ४० ची असेल, तर लॉट ४०च्या जरासा वर जातो. म्हणजे तुमची किंमत ठरवतो तो हरणारा, दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. दुसऱ्या बोलीवर किंमत ठरणाऱ्या लिलावांचं विश्लेषण विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये मांडलं, आणि सैनिक विकतानाही गणित तेच आहे.

म्हणून प्रत्येक लॉटला स्वतःला विचारा: हे हवं असणारी निदान दोन माणसं या आठवड्यात ऑनलाइन असतील का? १९८९च्या ‘हीरोक्वेस्ट’ या बोर्डगेमचा पूर्ण संच, ‘रोग ट्रेडर’च्या (वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळाच्या पहिल्या आवृत्तीच्या) काळातले स्पेस मरीन्स सैनिक, यांना असतील. तिथे कमी बोलीने सुरुवात करा, लक्ष वेधलं जातं. एखाद्या आडवळणाच्या युद्धाची ६ मिलिमीटरची फौज असेल, तर हवी असणारा कदाचित एकच असेल, आणि तो ती सुरुवातीच्या बोलीला घेऊन जाईल. तिथे सुरुवातच तुम्हाला पटेल त्या किमतीला करा, किंवा लिलाव सोडून ठरावीक किमतीला ठेवा.

लपवलेली राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही असा गुप्त आकडा) मला आवडत नाही. बोली लावूनही ‘राखीव किंमत गाठली नाही’ असं दिसलं की लोक चिडून निघून जातात.

१०. लिलाव कोणत्या वेळी संपवावा?

खरेदीदार जागे आणि मोकळे असतील तेव्हा. तुमच्या घड्याळाने नव्हे, त्यांच्या. रविवारची संध्याकाळ सर्वमान्य आहे. खऱ्या बोली शेवटच्या काही सेकंदांत पडतात, त्यामुळे सात दिवसांच्या लिलावात सहाव्या दिवसापर्यंत आकडा हलला नाही तरी घाबरून लिलाव मागे घेऊ नका.

एकाच फौजेचे लॉट पाच-पाच मिनिटांच्या अंतराने संपवा. पहिला लॉट हुकलेला माणूस दुसऱ्यावर जोर लावतो. ‘एकत्र टपाल’ द्यायची तयारी वर्णनातच लिहा.

११. शीर्षकात आणि वर्णनात काय लिहावं?

ईबेचं शीर्षक ८० अक्षरांत बसवायचं असतं. खेळाचं नाव, फौज, तुकडी, नग, धातू की प्लास्टिक, एवढं आलंच पाहिजे. ‘अप्रतिम’, ‘बघाच’ यांत अक्षरं घालवू नका, ते शब्द कोणी शोधत नाही.

नावं बदललेली असतात, हे लक्षात ठेवा. वॉरहॅमर ४०,००० मधल्या फौजांचंच बघा: ‘इम्पीरियल गार्ड’ २०१४ पासून ‘अ‍ॅस्ट्रा मिलिटारम’ झाले, ‘एल्डार’चे पुढे ‘एल्डारी’ झाले. जुना खेळाडू जुन्या नावाने शोधतो, नवा नव्या. दोन्ही लिहा. बेसचा आकारही लिहा. चौकोनी बेसच्या वॉरहॅमर फँटसी या खेळाची जागा २०१५ मध्ये गोल बेसच्या ‘एज ऑफ सिग्मार’ने घेतली, तेव्हा अनेकांनी चौकोनी बेस उखडून फेकले. मग जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ आलं आणि चौकोनी बेसना पुन्हा मागणी आली. तुमचे जुने चौकोनी बेस जपले असतील तर ते ठळकपणे सांगा. फक्त नव्या खेळात बऱ्याच पायदळाचे बेस पूर्वीपेक्षा रुंद आहेत, म्हणून मापही द्या.

वर्णनात दोष आधी लिहा: तुटलेली तलवार, बदललेलं डोकं, दुसऱ्याच कंपनीची ढाल. दोष मोकळेपणाने सांगणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर लोक विश्वास ठेवतात.

१२. फोटो मोबाइलने चालतील का?

चालतील. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड, मागे करडा कागद, फ्लॅश बंद. एक फोटो सगळ्यांचा, मग समोरून आणि मागून, बेसच्या खालून, आणि प्रत्येक दोषाचा. फिल्टर नको. रंग खुलवलेला फोटो पाहून घेतलेली वस्तू परत येते.

१३. पॅकिंग कसं करू? मागच्या वेळी भाले मोडले.

भाले मोडतात ते धक्क्याने कमी आणि हलण्याने जास्त. खोकं कानाशी धरून हलवा. आतून आवाज आला तर ते अजून तयार नाही.

धातूचे सैनिक एकमेकांना लागू देऊ नका. एक धातूचा घोडेस्वार सुटला, तर तो शेजारच्या प्लास्टिकच्या तुकडीचा हातोड्यासारखा चुरा करतो. धातू आणि प्लास्टिक वेगळ्या डब्यांत ठेवा. रंगवलेल्या सैनिकाला आधी मऊ टिश्यूपेपर गुंडाळा, त्यावर बबलरॅप. बबलरॅप थेट रंगावर लावला आणि पार्सल उन्हात तापलं, तर वार्निशवर गोल ठसे उठतात. माझ्या एका भालाईत तुकडीवर ते उठले होते आणि मला पैसे परत करावे लागले.

लांब भाले आणि झेंडे असतील तर सैनिकाला आडवं झोपवून भाल्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज द्या, भाल्यावर दाब देऊ नका. बेसखाली चुंबक असतील तर सैनिक लोखंडी पत्र्याच्या डब्यात उभे चिकटवून पाठवता येतात, पण मोकळी जागा तरीही भरा. लहान खोकं मोठ्या खोक्यात, मधे सगळ्या बाजूंनी निदान तीन बोटं गादी. शेवटचा झाकण लावण्याआधीचा फोटो काढून ठेवा, तो कशासाठी ते प्रश्न २० मध्ये आहे.

१४. परदेशात पाठवायची तयारी दाखवू का?

दाखवा. दुर्मीळ वस्तूचा दुसरा बोलीदार (प्रश्न ९) बहुतेकदा दुसऱ्याच देशात बसलेला असतो. सीमाशुल्काच्या कागदावर खरी किंमत आणि ‘छंदाची मिनिएचर्स’ असं स्पष्ट लिहा. ‘भेट म्हणून लिहा’ अशी विनंती आली तर नम्रपणे नाही म्हणा. ते खोटं विधान आहे आणि हरवलं तर भरपाईही मिळत नाही. छोट्या पार्सलांची करसवलत आता गृहीत धरू नका: युरोपीय संघाने आयातीवरची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून काढली, अमेरिकेने आपली शुल्कसवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. कर खरेदीदार भरेल हे वर्णनात लिहा.

प्रायमरचे (रंगाआधीच्या पहिल्या थराचे) स्प्रे कॅन विमानाच्या टपालाने जात नाहीत. ते जवळच्या कोणाला तरी देऊन टाका.

१५. काही सैनिक नकली किंवा थ्रीडी प्रिंट केलेले असावेत अशी शंका आहे. ते विकता येतील?

मूळ सैनिकावरून साचा काढून ओतलेली नक्कल मूळ म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि नक्कल आहे असं सांगून विकणंही बहुतेक संकेतस्थळांवर बंद आहे. खुणा अशा: तपशील बोथट, रेझिनमध्ये सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, मूळच्या शेजारी ठेवल्यावर किंचित लहान आकार. शंका असलेले लॉटमधून काढून टाका. एका नकलेमुळे अख्ख्या संग्रहावरचा विश्वास जातो.

थ्रीडी प्रिंटचं वेगळं. डिझायनरचा विक्रीचा परवाना असेल तर ‘थ्रीडी प्रिंट’ असं शीर्षकातच लिहून विका. वैयक्तिक वापरापुरता परवाना असेल तर विकू नका.

१६. दुसऱ्या महायुद्धाची जर्मन फौज विकताना लिस्टिंग काढून टाकली. का?

बहुधा झेंड्यावरच्या किंवा डिकलवरच्या (चिकटवायच्या छापील चिन्हावरच्या) स्वस्तिकामुळे. जर्मनीत फौजदारी संहितेच्या कलम ८६अ नुसार अशी चिन्हं दाखवणं गुन्हा ठरू शकतो, आणि लिलावाची संकेतस्थळं नियम त्याहून कडक ठेवतात. चिन्ह असलेला झेंडा आणि डिकल लॉटमधून काढा, रणगाड्यांचे फोटो नव्याने घ्या. चिन्ह नुसतं फोटोत झाकून प्रत्यक्षात तसंच पाठवू नका.

१७. लिलाव चालू असताना एकाने निरोप पाठवला: ‘बंद करा, आत्ता थेट पैसे देतो.’

हा माणूस बहुतेकदा तुमच्या लॉटची खरी किंमत तुमच्यापेक्षा चांगली जाणतो. असा निरोप आला की प्रश्न ३ आणि ८ कडे परत जा, लॉटमध्ये काहीतरी ओळखायचं राहिलं असावं. संकेतस्थळाबाहेर पैसे घेतलेत तर दोघांनाही संरक्षण उरत नाही. आणि बोली पडलेली असेल, तर ती लावणाऱ्याला शब्द दिल्यासारखंच आहे.

१८. किंमत फार खाली राहिली तर भावाला बोली लावायला सांगू का?

नाही. ती फसवणूक आहे, खातं बंद होतं, काही देशांत तो गुन्हाही आहे. भीती वाटत असेल तर सुरुवातीची बोली वाढवा.

१९. जिंकणारा पैसेच देत नाही. आता?

एक साधा निरोप पाठवा, चार दिवस वाट पाहा, मग सौदा रीतसर रद्द करा म्हणजे कमिशन परत मिळतं. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्या बोलीला देऊ करता येतं. खरं कारण सांगा, कारण त्याला प्रश्न १८ मधला संशय येऊ शकतो. तो नाही म्हणाला तर दोन आठवडे थांबून पुन्हा लावा.

२०. ‘तुटलेलं मिळालं, तीन सैनिक कमी आहेत’ असं खरेदीदार म्हणतो. खरं कसं ठरवायचं?

तुमचा झाकणाआधीचा फोटो (प्रश्न १३) बाजूला ठेवा आणि त्याच्याकडून खोक्याचे, आतल्या गादीचे, सैनिकांचे फोटो मागा. बहुतेक लोक खरं सांगतात. हात सांध्यावर सुटला असेल तर तो चिकटवण्यापुरता थोडा परतावा द्या आणि विषय मिटवा. पातळ धातूचा भाला मधोमध मोडला असेल, तर त्या सैनिकाचे पूर्ण पैसे द्या. सैनिक कमी निघाले तर आधी स्वतःच्या टेबलाखाली आणि सुट्या भागांच्या डब्यात शोधा. मला ते तिथेच सापडले आहेत, दोनदा.

२१. जुनी नियमपुस्तकं, फासे, मोजपट्ट्या यांचं काय?

जुन्या आवृत्तीचं पुस्तक तिच्या फौजेबरोबर द्या. पहिल्या आवृत्त्या आणि पूर्ण खोकी वेगळी विका. खोक्याचा प्रत्येक तुकडा मोजून यादी द्या.

२२. डबाभर सुटे हात, डोकी, बंदुका आहेत. हा कचरा कोण घेणार?

हा कचरा नाही, याला रांग लागते. मात्र विक्री सुरू करण्याआधी हा डबा एकदा पांढऱ्या चादरीवर ओता. प्रश्न ११ मध्ये दोष म्हणून लिहिणार होतात ती तलवार, ते मूळ डोकं इथेच पडलेलं असतं, आणि सैनिक विकला गेल्यावर सापडून उपयोग नसतो. जे जुळेल ते ज्याचं त्याला चिकटवा. नंतर डोकी, हत्यारं, ढाली, पाठीवरच्या पिशव्या अशा वाटण्या करा, कंपनी आणि माप लिहा, चादरीवर पसरून वरून एक स्वच्छ फोटो घ्या. जुन्या धातूच्या ढाली आणि डोकी प्लास्टिकमध्ये मिसळू नका, त्यांची एक छोटी वेगळी पिशवी करा. अर्धवट स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) असतील तर ते तोडू नका, स्प्रूवरचा क्रमांक दिसला की घेणाऱ्याला आपला हरवलेला भाग लगेच ओळखता येतो.